चाळीस दिवस, एक सद्गुण: आत्मिक वाढ तपासण्याची रीत

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, जवळ आला की आमच्या कळव्याच्या बायबल अभ्यासगटात दर वर्षी एकच बेत ठरतो. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातली आत्म्याची नऊच्या नऊ फळं, म्हणजे प्रीती, आनंद, शांती असे सद्गुण घ्यायचे आणि रोज रात्री प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. पहिला आठवडा वही भरते. दुसऱ्या आठवड्यात 'आनंद सात, शांती सहा' असे अंदाजाने आकडे पडू लागतात. तिसऱ्या आठवड्यात वही बायबलखाली जाते आणि तिथेच राहते. ईस्टरनंतर विचारलं तर दोनच उत्तरं मिळतात: 'माझ्यात काहीच सुधारणा नाही' किंवा 'देवाच्या कृपेने छान चाललंय'. दोन्ही ठिकाणी तपासणी झालेलीच नसते.

मंडळींची तळमळ खरी असते, पण क्रम चुकतो. आधी समेट, मग दुसऱ्याला विचारणं, मग एकच सद्गुण निवडणं, मग त्याची रोजची एक कृती, आणि सगळ्यात शेवटी वही, असा क्रम हवा. आपण नेमकी वहीपासून सुरुवात करतो. खालची रीत उपासनेला जाणाऱ्या प्रॉटेस्टंटांनाही चालेल आणि मिस्साला जाणाऱ्या कॅथलिकांनाही. जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

## तयारी: काय मोजायचं आणि काय नाही

आधी हे पक्कं करा की हजेरी म्हणजे वाढ नव्हे. रविवार चुकत नाही, गायनमंडळात आहे, महिला मंडळाची खजिनदार आहे, उपवास पाळतो, हे सगळं चांगलंच आहे. पण हे झाडाभोवतीचं काम झालं, फळ नव्हे.

दुसरा गोंधळ जास्त खोल आहे. कृपादान, म्हणजे आत्म्याने दिलेली खास क्षमता, आणि फळ, म्हणजे स्वभावात उतरलेला सद्गुण, या दोन गोष्टी आपण एक समजतो. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात कृपादानांची यादी आहे: ज्ञानाचं वचन, रोग बरे करणं, संदेश देणं, वेगवेगळ्या भाषा. त्याच करिंथच्या मंडळीत तट पडले होते, कोर्टकज्जे चालले होते आणि प्रभुभोजनाच्या वेळी कोणी उपाशी तर कोणी मस्त अशी अवस्था होती. दानं भरपूर होती, पण प्रीती कमी पडत होती. म्हणून 13वा अध्याय लिहावा लागला. एखाद्याची प्रार्थना ऐकून अंगावर काटा येतो, पण घरी तोच माणूस ताट आपटतो. हे होऊ शकतं, करिंथमध्येही झालं होतं.

यादी कोणती घ्यायची? गलतीकरांस 5:22-23 मध्ये नऊ शब्द आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात 1:5-7 मध्ये विश्वासापासून प्रीतीपर्यंत एकावर एक चढणारी मालिका आहे. कॅथलिक शिकवणीत श्रद्धा, आशा, प्रीती हे तीन ईश्वरी सद्गुण आणि सुज्ञता, न्याय, धैर्य, संयम हे चार मूलभूत सद्गुण येतात. तिन्ही याद्या चांगल्या आहेत, पण एका वेळी एकच धरा. नवख्यांना मी गलतीकरांस देतो, कारण तिथे फळाच्या जरा आधी, 19 ते 21 या ओव्यांत, देहाची कर्मंही मोजून दिली आहेत. ती वाचताना आपली नजर जारकर्म आणि दारूबाजीवर थांबते आणि 'हे माझ्यात नाही' म्हणून सुटकेचा श्वास टाकतो. पण त्या यादीचा जवळजवळ अर्धा भाग वैर, कलह, मत्सर, राग, तट, फूट, पक्षभेद, हेवा यांनी भरलेला आहे. म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि चर्च कमिटीच्या निवडणुकीत जे चालतं, तेच.

आणखी एक बारकावा. मूळ ग्रीकमध्ये 'फळ' हा शब्द एकवचनी आहे. नऊ वेगवेगळी फळं नसून एकाच फळाच्या या नऊ चवी आहेत. म्हणून एकावर मनापासून काम केलं की बाकीची हलतातच. नऊ रकाने आखायची गरज त्यामुळे उरत नाही.

लागणारं सामान थोडंच आहे. एक साधी दोनशेपानी वही, रोजची दहा मिनिटं, आणि एक विश्वासू माणूस. वेळेचा विचार आधीच करा. रात्री साडेअकराला अंथरुणात, हातात मोबाइल घेऊन ही तपासणी होत नाही. वन-रूम-किचनमध्ये शांत कोपरा मिळणं अवघड असतं, हे मला माहीत आहे. आमच्या गटातला एक जण ठाण्याहून तुर्भ्याला जाताना ट्रान्सहार्बर लोकलमध्ये, दिघा ते कोपरखैरणे एवढ्या वेळात हे उरकतो. एक बाई तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये कामावरून घरी जाताना मागच्या बाकावर बसतात. जागा कुठलीही चालेल, फक्त ठरलेली असावी.

लेंटमध्ये करायचं तर राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, रविवार वगळून, बरोबर 40 दिवस मिळतात. पण लेंटचीच वाट पाहू नका. जूनच्या पावसातही सुरू करता येतं.

## पायरी 1: आधी जाऊन समेट करा

मत्तय 5:23-24 मध्ये प्रभू येशू सांगतो की वेदीजवळ अर्पण आणलं असताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर. इथे 'तुझ्या मनात' असं म्हटलेलं नाही, 'त्याच्या मनात' म्हटलं आहे. आपण उलट करतो. आपल्याला कोणी दुखावलं ते आठवत बसतो.

वहीच्या पहिल्या पानावर जास्तीत जास्त तीन नावं लिहा, अशा माणसांची ज्यांचं तुमच्याकडे काही येणं आहे. येणं पैशाचंही असू शकतं. चुलत भावाकडून घेतलेले वीस हजार, कामवालीचा दिवाळीला कबूल केलेला आणि न दिलेला महिना, भाडेकरूचं अडवलेलं डिपॉझिट. प्रभू जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी उतरला त्या दिवशीच जक्कयाने चौपट परत करायची भाषा केली होती. आपण निदान जेवढ्यास तेवढं तरी द्यावं. पैसे बुडवून त्यावर सद्गुणांची वही लिहिली तर ती पहिल्याच पानावर खोटी ठरते.

माफी मागताना 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' असं म्हणू नका. त्यात दोष समोरच्याच्या वाटण्यावर जातो. 'मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला असं बोललो. ते चुकीचं होतं. मला माफ कर.' एवढं पुरे. जमत असेल तर समोर जाऊन बोला, नाहीतर फोन करा. व्हॉट्सॲपवर हात जोडल्याचं चित्र पाठवणं म्हणजे समेट नव्हे.

सावधान: जो माणूस मारहाण करतो, धमकावतो किंवा ज्याने लैंगिक त्रास दिला आहे, त्याच्याकडे 'समेटासाठी' एकटीने किंवा एकट्याने जाऊ नका. क्षमा करणं आणि पुन्हा त्याच्या हाती सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा वेळी ही पायरी सोडून पुढे जा. आधी सुरक्षित जागा शोधा. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत.

तपासा: तीनपैकी एका तरी ठिकाणी तुम्ही खरोखर गेलात का? नसाल, तर दुसरी पायरी उद्यावर टाका.

## पायरी 2: तीन माणसांना विचारा

स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नाही. म्हणून घरातला एक, कामावरचा एक आणि ज्याला तुमच्यापुढे सहसा बोलता येत नाही असा एक, असे तिघे निवडा. तिसरा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. तो तुमचा मुलगा असेल, सून असेल, ऑफिसमधला शिपाई असेल.

'मी कसा आहे?' असं विचारू नका. उत्तर 'चांगलेच आहात' असंच मिळेल. असं विचारा: 'गेल्या महिन्याभरात माझ्या कुठल्या वागण्याचा तुला त्रास झाला? एकच सांग. मी आज त्यावर काही बोलणार नाही.' आणि खरंच बोलू नका. चोवीस तास स्पष्टीकरण द्यायचं नाही, कारण सांगायचं नाही, 'पण तूसुद्धा' म्हणायचं नाही.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या धाकटीला विचारलं. ती आठवीत होती. अभ्यास करत बसली होती. थोडा वेळ तिने कंपासपेटीचं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग खाली बघतच म्हणाली, 'पप्पा, तुम्ही रात्री प्रार्थनेला बसलात की आई मिक्सर लावायला घाबरते.'

माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं. देवाच्या वेळेला घरात एवढी तरी शांतता नको का? ते उत्तर मी गिळलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पंधरा वर्षं रात्री नऊची प्रार्थना मी चुकवली नव्हती, आणि तिचा मला अभिमान होता. त्याच पंधरा मिनिटांत माझ्या घरातली माणसं दबून राहत होती.

सावधान: उत्तर देणाऱ्याला नंतर ते ऐकवू नका. 'तू त्या दिवशी असं म्हणाली होतीस ना?' असं एकदा जरी म्हटलंत, तर त्या माणसाकडून पुन्हा खरं ऐकायला मिळणार नाही.

## पायरी 3: एकच सद्गुण निवडा

तिघांची उत्तरं शेजारी शेजारी लिहा. दोघांनी वेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली असेल तर निवड झालीच. नसेल, तर आठवड्यात तीनदा तरी घडणारा दोष धरा. वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या पापावर चाळीस दिवसांची वही चालत नाही. त्यासाठी पाळकसाहेबांशी किंवा फादरांशी सरळ बोलावं.

मग त्या दोषासमोरचा सद्गुण शोधा. इथे मंडळी शब्दांच्या अर्थात फसतात, म्हणून थोडं थांबतो.

*सहनशीलता.* या शब्दाचा जितका दुरुपयोग आपल्याकडे झाला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दाचा झाला असेल. मूळ शब्दाचा अर्थ आहे राग यायला वेळ लागणं, हातात ताकद असूनही ती चटकन न चालवणं. देवाचं वर्णन 'मंदक्रोध' असं होतं ते याच अर्थाने. म्हणजे हा सद्गुण मुख्यतः ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने शिकायचा आहे: बापाने, साहेबाने, सासूने, कमिटीच्या अध्यक्षाने. पण उपदेश मात्र सुनेला आणि मार खाणाऱ्या बायकोला केला जातो. 'सहन कर, आत्म्याचं फळ आहे.' हे शास्त्र नव्हे. छळ सोसत राहणं म्हणजे आत्मिक वाढ असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. आणि अशी परिस्थिती तुमची असेल तर चाळीस दिवसांसाठी हा सद्गुण निवडू नका. धैर्य निवडा.

*सौम्यता* म्हणजे पडतं घेणं नव्हे. 'मी मनाचा सौम्य व लीन आहे' असं म्हणणाऱ्या प्रभूनेच मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथले. सौम्य माणसाची ताकद लगामात असते.

*शांती* म्हणजे विषय टाळणं नव्हे. भावाभावांत जमिनीचा वाद आहे आणि पाच वर्षं कोणी तोंड उघडत नाही, तर तिथे शांती नाही, फक्त गप्प बसणं आहे.

*विश्वासूपणा* आपण देवावरच्या विश्वासाशी जोडतो आणि पुढे जातो. या यादीत त्याचा अर्थ भरवशाचा असणं असा आहे. सातला येतो म्हटलं की सातला येणं. घेतलेली जबाबदारी न विसरणं. मंडळीच्या पैशाचा हिशेब वेळेवर देणं.

*इंद्रियदमन* फक्त दारू आणि वासनेपुरतं नाही. जिभेवर, ताटावर आणि मोबाइलवरही ते लागू पडतं.

प्रीती, आनंद, ममता, चांगुलपणा यांबद्दल फार फसगत होत नाही. एवढंच की आनंद म्हणजे सतत हसरा चेहरा नव्हे. दुःखात असलेल्या माणसाने आनंदाची वही लिहायला घेऊ नये.

तपासा: निवडलेला सद्गुण ऐकून घरच्यांना आश्चर्य वाटलं का? वाटलं असेल तर बहुधा तुम्ही सोपा निवडलात.

## पायरी 4: सद्गुणाची कृती करा

सगळ्यात जास्त वह्या इथे बंद पडतात. 'मी राग आवरीन' हा संकल्प नव्हे, ती इच्छा आहे. संकल्पाला वेळ लागते, जागा लागते, आणि तो पाळला की नाही हे दुसऱ्यालाही सांगता आलं पाहिजे.

'सहनशील होईन' ऐवजी: 'संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यापासून पहिली दहा मिनिटं एकही तक्रार करणार नाही.'

'ममतेने वागेन' ऐवजी: 'ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत कोणी म्हातारं माणूस मागे असेल तर माझी पाळी देईन.'

'सौम्यतेने बोलेन' ऐवजी: 'सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरच्या बिलाचा विषय निघाला की दोन माणसं बोलून झाल्याशिवाय मी बोलणार नाही.' घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना याचं वजन वेगळं सांगायला नको.

'विश्वासू राहीन' ऐवजी: 'आलेल्या फोनला त्याच दिवशी उलट फोन करीन.'

माझी कृती अशी होती: रात्री नऊ ते सव्वानऊ मिक्सर लागो, टीव्ही लागो, बेल वाजो, जागेवरून हाक मारायची नाही आणि उठल्यावर त्याबद्दल बोलायचं नाही. पहाटे उठून प्रार्थना कर, असं कोणीतरी सुचवलं होतं. ते मी मुद्दाम टाळलं. वेळ बदलली असती तर राग तसाच राहिला असता, फक्त त्याला संधी मिळाली नसती.

कृती लहान असावी. जिथे तुम्ही खरोखर घसरता तिथलीच असावी. आणि शक्य तो कोणाला जाहीर करू नये. मत्तयाच्या 6व्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींबद्दल एकच सूचना आहे: लोकांना दाखवण्यासाठी करू नका. स्टेटसवर 'लेंट संकल्प' टाकला की त्याचं प्रतिफळ तिथेच मिळून जातं.

सावधान: दुसऱ्याने बदलावं अशी कृती लिहू नका. 'बायकोशी वाद होणार नाही' हे तुमच्या एकट्याच्या हातात नाही. 'वादात मी आवाज चढवणार नाही' हे आहे.

## पायरी 5: रोजची दहा मिनिटं

आता वही उघडा. ही पाच टप्प्यांची पद्धत 16व्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिली. त्यांनी स्थापलेल्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाकडून ती सगळीकडे पसरली आणि आज प्रॉटेस्टंट मंडळीही ती वापरतात. टप्पे या क्रमानेच घ्या, क्रमात अर्थ आहे.

1. आजच्या दिवसातल्या एका ठरावीक गोष्टीबद्दल देवाचे आभार माना. 'सगळ्यासाठी धन्यवाद' असं मोघम नको. 'बाबांचा शुगर रिपोर्ट ठीक आला' असं.
2. पवित्र आत्म्याकडे उजेड मागा, म्हणजे दिवस स्वतःच्या नजरेने न पाहता त्याच्या नजरेने पाहता येईल.
3. सकाळपासून रात्रीपर्यंत दिवस चालत जा आणि ठरवलेल्या कृतीच्या जागी थांबा.
4. जिथे चुकलं तिथे क्षमा मागा.
5. उद्या ती वेळ कधी येणार आहे ते ओळखून तिथे मदत मागा.

बहुतेक लोक पहिले दोन टप्पे गाळून थेट तिसऱ्यावर येतात. मग ही तपासणी पोलिस चौकशीसारखी होते आणि आठ दिवसांत नकोशी वाटते. आभार आधी येतात, कारण कोणासमोर बसलो आहोत ते त्यातून लक्षात येतं.

नोंदीसाठी इग्नेशियस यांचीच युक्ती घ्या. आठवड्याच्या सात ओळी आखा. ठरवलेल्या ठिकाणी जितक्या वेळा घसरलात तितके ठिपके त्या दिवसाच्या ओळीवर द्या. दिवसाची तुलना आदल्या दिवसाशी करा आणि आठवड्याची आधीच्या आठवड्याशी. गुण नाहीत, टक्के नाहीत. ठिपक्याशेजारी एक ओळ लिहायची, फक्त घडलेलं:

'मंगळवार. रात्री 9:05. मिक्सर. हाक मारली नाही, पण उठल्यावर "झालं का एकदाचं?" म्हणालो. 1 ठिपका. 9:30ला माफी मागितली.'

या नोंदीत 'मी किती वाईट आहे' नाही आणि 'तिने मुद्दाम लावला' हेही नाही. शेवटचं वाक्य मात्र हवंच. इफिसकरांस 4:26 मध्ये राग असताना सूर्य मावळू नये असं म्हटलं आहे. म्हणून ठिपका दिला की त्याची भरपाई झोपण्याआधी झाली पाहिजे.

सावधान: दुसऱ्यांच्या चुका या वहीत लिहू नका. आणि वही मोबाइलच्या नोट्समध्ये ठेवू नका. तो फोन मुलं हाताळतात.

सावधान: काही माणसं या पद्धतीने कासावीस होतात. प्रत्येक विचार पाप वाटू लागतो, माफी मागून झाली तरी पुन्हा पुन्हा मागावीशी वाटते, झोप उडते. तसं झालं तर वही त्याच दिवशी बंद करा आणि पाळकांना किंवा फादरांना भेटा. मन सतत खचलेलं असेल तर डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे, मराठीतही बोलता येतं. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे.

## पायरी 6: आठवड्यातून एकदा कोणाजवळ तरी बोला

याकोब 5:16 म्हणतो की एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. 18व्या शतकात मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथातले छोटे गट दर आठवड्याला एकमेकांना विचारायचे: गेल्या भेटीपासून कोणतं पाप घडलं, कोणता मोह आला, त्यातून सुटका कशी झाली. तीच चाल आजही पुरते.

एक माणूस निवडा. पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री. जीवनसाथी नको, कारण बहुतेक ठिपके त्याच्याच संदर्भातले असतात. अर्धा तास पुरे. ऐकणाऱ्याने उपदेश करायचा नाही, आठवड्याची ओळ ऐकायची आणि प्रार्थना करायची. ऐकलेलं घरीही सांगायचं नाही. 'प्रार्थनेसाठी सांगतोय' म्हणून गटात एखाद्याचं गुपित फोडणं ही चहाडीच आहे.

कॅथलिकांनी या काळात निदान एकदा पापनिवेदनाला, म्हणजे फादरांजवळ पापं कबूल करायला, जावं, आणि तिथे वही वाचून दाखवू नये. वारंवार घडलेली एक गोष्ट सरळ सांगावी. प्रॉटेस्टंटांनी प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी आठवड्याच्या सात ओळी पुन्हा पाहाव्यात, कारण 1 करिंथकरांस 11:28 मध्ये आधी आत्मपरीक्षण, मग भाकर असा क्रम आहे.

## पायरी 7: चाळिसाव्या दिवशी चिन्हं वाचा

ठिपके कमी झाले एवढ्यावर जाऊ नका. पहिल्या दोन आठवड्यांत ते वाढतातच. तुम्ही बिघडलात असं नाही, तर आधी न दिसणारं आता दिसू लागतं. ठिपके अचानक शून्य झाले तर उलट शंका घ्या. एक तर कृती फार सोपी होती, किंवा पाहणं थांबलं.

मग पाहायचं काय?

पहिलं, चूक आणि माफी यांतलं अंतर. आधी माफी दोन दिवसांनी मागितली जायची, आता अर्ध्या तासात मागितली जाते. माझ्या अनुभवात हे सगळ्यात भरवशाचं चिन्ह आहे, आणि वहीत वेळ लिहिलेली असेल तर ते मोजताही येतं.

दुसरं, चूक दाखवली की आत काय होतं. स्पष्टीकरणाची घाई कमी झाली का?

तिसरं, कोणी पाहत नसतानाची वागणूक. रिक्षावाल्याने चुकून पन्नास जास्त परत दिले आणि रिक्षा निघून चालली आहे, तेव्हा काय झालं?

चौथं, तुमच्याआधी दुसऱ्याला ते कळणं. त्या पहिल्या तिघांकडे परत जा आणि तोच प्रश्न तसाच विचारा. आमच्या घरात मला विचारावं लागलं नाही. पाचव्या आठवड्यात एका रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी खोबऱ्याच्या चटणीसाठी मिक्सर लागला. बायकोने तो लावण्याआधी माझ्याकडे पाहिलंही नाही.

आता खोटी चिन्हं. एपीएमसीच्या फळबाजारात मोसमात फेरी मारणाऱ्याला हे लगेच कळेल. अढीत गवतावर पिकलेला हापूस आणि कार्बाइडने पिकवलेला आंबा पेटीत शेजारी ठेवले तर कार्बाइडचाच जास्त पिवळा दिसतो. कापला की कोयीजवळ आंबट लागतो. कार्बाइडवर बंदी आहे तरी घाईपोटी लोक ते वापरतात. बोलण्यात अचानक 'प्रभूची स्तुती असो' वाढलं, उपासनेत डोळे भरून येऊ लागले, दुसऱ्यांच्या चुका पटकन दिसू लागल्या, यांपैकी कशालाही वाढ समजू नका. डोळे भरून येणं चांगलंच आहे, पण घरी गेल्यावर काय होतं ते पाहा. आणि दुसऱ्यांच्या चुका जास्त दिसत असतील तर तो सरळ धोक्याचा इशारा आहे. लूकच्या 18व्या अध्यायातल्या परूश्याची, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाची, यादीही पूर्ण होती: आठवड्यातून दोनदा उपवास, मिळकतीचा दशमांश. दूर उभा राहून दयेची याचना करणारा जकातदार मात्र नीतिमान ठरून घरी गेला.

तपासा: 'मी हे केलं' असं वाटतंय की 'हे माझ्यात घडलं' असं? फिलिप्पैकरांस 2:12-13 मध्ये दोन्ही एका दमात सांगितलं आहे: तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे देव तुमच्या ठायी साधतो. एकच बाजू जाणवत असेल तर पाचव्या पायरीतले पहिले दोन टप्पे बहुधा सुटले आहेत.

## एकेचाळिसाव्या दिवशी

काहीच हललं नसेल तर सद्गुण बदलू नका, कृती बदला. बहुतेक वेळा ती मोठी किंवा मोघम निघते. लूकच्या 13व्या अध्यायातला माळी तीन वर्षं फळ न देणाऱ्या अंजिरासाठी आणखी एक वर्ष मागतो, पण नुसती मुदत मागत नाही. आळं खणून खत घालीन असं सांगतो. म्हणजे पुन्हा तेच चाळीस दिवस करायचे असतील तर मुळाशी काहीतरी बदला: झोप वाढवा, उशिराची मीटिंग सोडा, दुसरा साथीदार घ्या.

थोडं हललं असेल तर तोच सद्गुण, नव्या जागी. घरात जमलं, आता ऑफिसात. एका वर्षात दोन सद्गुणांपेक्षा जास्त हाती घेऊ नका.

वहीची ठिपक्यांची पानं फाडून बारीक तुकडे करा. रद्दीत तशीच टाकू नका, त्यात घरच्यांचे प्रसंग आहेत. एक पान ठेवा. त्यावर निवडलेला सद्गुण, कृती, सुरुवातीची तारीख आणि तिघांनी पहिल्या दिवशी दिलेली उत्तरं लिहा. पुढच्या राखेच्या बुधवारी ते पान काढा आणि त्याच तिघांकडे जा.